सर आर्थर कॉटन : गोदावरीवर पाण्याच्या पायऱ्या बांधणारे इंजिनियर

परभणी जिल्ह्यांतील वालूर हें गांव जुन्या बारवांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील एका बारवेच्या पायऱ्या सरळ खालीं न जातां चक्राप्रमाणें फिरत फिरत पाण्यापर्यंत उतरतात. पाणी खोल असलें तर माणसानें त्याच्याकडे सुखानें कसें उतरावें, हा प्रश्न आमच्या पूर्वजांनीं अशा पायऱ्या बांधून सोडविला. या प्रश्नाचा एक जोडप्रश्न आहे. कालव्याचें पाणीच जेथें उंचावरून एकदम सखल जागीं उतरतें, तेथें मालानें भरलेल्या नावेनें खालीं कसें जावें, आणि परत वर कसें चढावें? याचें उत्तर ज्या युक्तीनें मिळालें तिला इंजिनियर लोक लॉक म्हणतात. आपण तिला पाण्याची पायरी म्हणूं. वालूरच्या शिवारांत पडणारा पाऊस दुधना व पूर्णा यांच्या वाटेनें गोदावरीस मिळतो. आणि ती गोदावरी शेंकडों मैल वाहून, समुद्राच्या अलीकडे धवळेश्वरम् येथें अशाच पायऱ्यांपाशीं येऊन पोंचते. त्या ज्यांनीं बांधविल्या, त्या सर आर्थर कॉटन यांचें चरित्र आम्ही यंदा आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

चरित्राकडे वळण्यापूर्वीं लॉकची रचना समजून घेतली पाहिजे. कालव्याची वरची पातळी जेथें संपते व खालची सुरू होते, तेथें दोन्ही बाजूंस दगडी भिंती घालून नाव मावेल एवढें एक लांबट कुंड बांधतात. कुंडाच्या वरच्या तोंडास व खालच्या तोंडास अशीं दोन जोडदारें असतात. दारें मिटलीं म्हणजे त्यांच्या फळ्या वरच्या पाण्याकडे कोन करून एकमेकींस टेकतात. त्यामुळें पाण्याचा दाब जितका अधिक, तितकीं तीं अधिक घट्ट बसतात. खालून आलेली नाव कुंडांत शिरली कीं मागचें दार लावून घेतात व वरच्या बाजूची लहान झडप उघडतात. कुंडांत हळूहळू पाणी भरूं लागतें आणि नाव जागच्या जागीं वर उचलली जाते. कुंडांतील पाणी वरच्या कालव्याच्या पातळीस आलें म्हणजे वरचें दार उघडावयाचें. नाव पुढें चालूं लागते. उतरणाऱ्या नावेसाठीं हीच क्रिया उलट करावी लागते. या कामास वाफ लागत नाहीं कीं मोठें यंत्र लागत नाहीं. दोन माणसें व थोडा धीर एवढ्यानें भागतें. वजन उचलण्याचें काम पाणी आपण होऊन करतें.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडमध्यें अशा कालव्यांचें जाळें पसरलें. १७६१ सालीं जेम्स ब्रिंडले या फारसें शिक्षण न झालेल्या कारागिराच्या देखरेखीखालीं ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर यांच्या खाणींतला कोळसा कालव्यानें मँचेस्टरकडे जाऊं लागला, आणि त्या शहरांत कोळसा पुष्कळच स्वस्त झाला. १८१० सालीं पुऱ्या झालेल्या एका कालव्यावर डिव्हायझेस या गांवीं टेकडी चढण्यासाठीं २९ लॉक आहेत, व त्यांपैकीं १६ एकापुढें एक सरळ ओळींत आहेत. जो मुलगा अशा काळांत वाढला त्याला पाणी म्हणजे केवळ तहान भागविणारा पदार्थ न वाटतां तो राष्ट्राचा हमाल वाटावा, यांत नवल नाहीं.

आर्थर थॉमस कॉटन यांचा जन्म १५ मे १८०३ रोजीं इंग्लंडमध्यें झाला. आपल्या वडिलांचे ते दहावे पुत्र होत. एवढ्या मोठ्या कुटुंबांत प्रत्येक मुलास आपापली वाट लवकर शोधावी लागे. पंधराव्या वर्षींच त्यांनीं ईस्ट इंडिया कंपनीच्या ॲडिस्कोंब येथील लष्करी विद्यालयांत प्रवेश केला, आणि १८२१ सालीं मद्रासच्या इंजिनियर पथकांतील एक तरुण अधिकारी म्हणून ते हिंदुस्थानांत आले. त्यांचें वय त्या वेळीं अवघें अठरा वर्षांचें होतें. आरंभीं रामेश्वराजवळील पांबनच्या खाडीची पाहणी त्यांच्याकडे आली. पुढें १८२४ ते १८२६ या काळांतील ब्रह्मदेशच्या लढाईंतही त्यांनीं चाकरी केली. परंतु त्यांचें खरें कार्य लढाईच्या मैदानावर नव्हतें.

१८२८ च्या सुमारास कावेरी नदीच्या पाटबंधाऱ्यांची चौकशी त्यांच्याकडे सोंपविण्यांत आली. श्रीरंगमजवळ कावेरीचे दोन फांटे होतात. त्यांतील कोळ्ळिडम् हा फांटा अधिक सखल असल्यानें बहुतेक पाणी त्यांतून समुद्रास जाई, आणि ज्या फांट्यावर तंजावरची भातशेती अवलंबून होती तो वाळूनें भरत चालला होता. कॉटनसाहेबांनीं कोळ्ळिडम्‌च्या मुखाशीं बंधारा घालण्याचें सुचविलें, व १८३६ सालीं तो बांधून पुरा केला. तंजावरचीं शेतें पुन्हां भिजूं लागलीं.

या कामांत त्यांना जो गुरु लाभला तो विलायतेंतला नव्हता. कावेरीवर चोळ राजा करिकाल यानें बांधलेला असें मानलेला फार प्राचीन बंधारा आहे. त्यास कल्लणै म्हणतात. नदीच्या तळाशीं खडक नसून खोल वाळू होती. वाळूवर भिंत टिकत नाहीं असें पुस्तकी शास्त्र सांगे. आणि तो बंधारा तर शतकानुशतकें पुरास तोंड देत उभा होता. कॉटनसाहेबांनीं त्याची बारकाईनें तपासणी केली. मोठमोठे दगड वाळूंत टाकावे, ते जेवढे खचतील तेवढे खचूं द्यावे, त्यांवर पुन्हां दगड टाकावे, आणि तळ स्थिर झाल्यावरच वरचें बांधकाम करावें, ही त्या जुन्या कारागिरांची रीत त्यांच्या ध्यानीं आली. वाळूवर पाया घालण्याची विद्या आपण याच लोकांपासून शिकलों, हें त्यांनीं पुढें उघडपणें लिहून ठेविलें. राज्यकर्त्यांच्या जातींतील एका अधिकाऱ्यानें जित राष्ट्राच्या निनांवी गवंड्यांस गुरु मानावें, ही गोष्ट त्या काळीं सामान्य नव्हती.

आतां आपण गोदावरीकडे वळूं. त्र्यंबकेश्वरीं उगम पावलेली ही नदी पैठण, गंगाखेड, नांदेड अशीं आमच्या परिचयाचीं गांवें मागें टाकीत, पुढें तेलंगणांतून व आंध्रांतून वाहत राजमहेंद्रीखालीं येते, आणि तेथून तिचे फांटे होऊन समुद्रापर्यंत गाळाचा विस्तीर्ण त्रिकोण पसरतो. जमीन सुपीक, नदी विशाल, आणि तरी लोक भुकेले, अशी तेथील एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील स्थिति होती. पावसाळ्यांत पूर येऊन शेतें बुडत. पाऊस ओढला कीं नदी खालच्या पात्रांतून निघून जाई व शेतें करपत. १८३२-३३ च्या दुष्काळांत शेजारच्या गुंतूर जिल्ह्यांत सुमारें पांच लक्ष वस्तीपैकीं दोन लक्षांच्या आसपास माणसें मृत्युमुखीं पडलीं असा अंदाज आहे. १८३९ सालीं किनाऱ्यावरील कोरिंगा बंदरावर मोठें वादळ होऊन समुद्र आंत शिरला. राजमहेंद्री जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटत गेली.

या जिल्ह्याच्या दैन्याचें कारण शोधण्याचें काम कॉटनसाहेबांवर आलें, तेव्हां त्यांची प्रकृति दुखण्यांनीं पोंखरलेली होती. आजारपणाच्या रजेवर असतां ते टास्मानियांत राहिले होते व तेथेंच १८४१ सालीं त्यांचा विवाह झाला होता. परत येऊन त्यांनीं तो सर्व त्रिकोण पालथा घातला, आणि १८४४-४५ सालीं सरकारला अहवाल दिला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें कीं, या जिल्ह्यास पाण्याची उणीव नाहीं, पाणी वर उचलण्याची उणीव आहे. नदीचें पात्र आडव्या बंधाऱ्यानें अडवून पाण्याची पातळी कांहीं फूट चढविली, तर तें पाणी आपल्या भारानेंच कालव्यांतून शेतांत जाईल. आणि तोच कालवा नाव चालेल एवढा रुंद ठेविला, उताराच्या जागीं लॉक बांधले, तर शेतकऱ्याचा माल बाजारास नेण्याची सोयही त्याच खर्चांत होईल. एकाच पाण्यानें पीक पिकवावें व एकाच पाण्यानें तें वाहून न्यावें, हेंच त्यांच्या सर्व आयुष्याचें सूत्र होय. १८४६ सालीं या योजनेस मंजुरी मिळाली.

१८४७ सालीं धवळेश्वरम् येथें कामास सुरुवात झाली. तेथें पात्राची एकूण रुंदी सुमारें चार मैल. मध्यें बेटें असल्यानें बंधाऱ्याचे धवळेश्वरम्, राळी, मद्दूर व विज्जेश्वरम् असे चार भाग करावे लागले. नुसत्या बांधकामाची लांबी सव्वादोन मैलांच्या आसपास, आणि उंची सुमारें बारा फूट होती. खालीं सर्वत्र वाळू! येथें कावेरीचा धडा उपयोगी पडला. जवळच्या टेकडीचा दगड फोडून तो रुळांवरील गाड्यांनीं व नावांनीं नदींत आणीत आणि वाळूंत लोटीत. भर हंगामांत सुमारें दहा हजार मजूर कामावर असत. नदीस पूर येण्यापूर्वीं कोरड्या दिवसांत जेवढें होईल तेवढेंच काम, मग नदी सांगेल तोंवर थांबणें, असा तो क्रम होता. इतके मजूर गोळा करणें, त्यांना टिकविणें व त्यांच्याकडून काम करून घेणें यांत वीणम् वीरण्णा या तेलुगु गृहस्थांचें मोठें साहाय्य झालें. त्यांचें नांव तेथील लोक आजही कॉटनसाहेबांच्या नांवाबरोबर घेतात. मध्यंतरीं श्रमानें साहेबांची प्रकृति ढासळली व त्यांना पुन्हां रजेवर जावें लागलें. तेवढा काळ कॅप्टन ओर यांनीं धुरा वाहिली. १८५२ सालीं बंधारा पुरा झाला.

बंधाऱ्याच्या टोंकांशीं कालव्यांचीं मुखें होतीं. प्रत्येक मुखापाशीं शेतीस पाणी सोडण्यासाठीं दारांच्या मोऱ्या, आणि त्यांच्याच शेजारीं नावांसाठीं लॉक अशी व्यवस्था होती. पुढें जमीन जेथें जेथें उतरे, तेथें तेथें कालव्यावर पुन्हां लॉक बांधण्यांत आले. मधल्या बेटाकडे पाणी नेण्यासाठीं नदीच्या एका फांट्यावरून कालवाच पुलावरून नेण्याचें अवघड काम लेफ्टनंट हेग या तरुण अधिकाऱ्यानें गन्नवरम् येथें केलें. अशा रीतीनें पूर्व, मध्य व पश्चिम असे त्रिकोणाचे तिन्ही भाग पाण्याखालीं आले. भाताचीं पोतीं भरलेले पडाव, काठावरून दोर ओढीत चालणारीं माणसें, लॉकच्या दाराशीं आपली पाळी येण्याची वाट पाहणारे नावाडी, हा त्या जिल्ह्याचा रोजचा देखावा झाला. कृष्णा नदीवरही बेझवाडा येथें १८५५ सालीं असाच बंधारा पुरा होऊन दोन्ही नद्यांचे कालवे जोडले गेले. पुढें किनाऱ्यालगतच्या बकिंगहॅम कालव्यामुळें काकिनाड्याहून मद्रासपर्यंत नाव जाऊं शके.

या कामाची खरी परीक्षा १८७६ ते १८७८ या वर्षांत झाली. दक्षिण हिंदुस्थानांत त्या वेळीं जो दुष्काळ पडला त्यांत लक्षावधि माणसें मेलीं. आमच्या दख्खनवरही त्याची छाया पडली होती. परंतु गोदावरी व कृष्णा यांच्या त्रिकोणांत पीक आलें, आणि तेथून दुष्काळी मुलखांत धान्य पाठवितां आलें. जेथें पूर्वीं दोन लक्ष माणसें मेलीं होतीं, त्याच्या शेजारीं आतां दुसऱ्यांस पुरेल एवढें धान्य होतें. इंजिनियरच्या कामाचें मोल मोजण्यास याहून दुसरें माप आम्हांस ठाऊक नाहीं.

आमच्या वाचकांस विशेष जवळचा वाटेल असा या चरित्राचा भाग आतां सांगावयाचा आहे. कॉटनसाहेबांची दृष्टि धवळेश्वरम्‌पाशीं थांबली नव्हती. वऱ्हाडांतील व मध्य प्रांतांतील कापूस गोदावरीच्या पाण्यावरून थेट पूर्व किनाऱ्यास जावा, अशी त्यांची इच्छा होती. अडचण होती ती खडकांची. वर्धा व वैनगंगा मिळून झालेली प्राणहिता गोदावरीस मिळते त्या टापूंत नदीच्या पात्रांत तीन ठिकाणीं खडकांचे मोठे अडसर आहेत. त्यांतील पहिला दुम्मगुडेम् येथें, दुसरा प्राणहितेच्या संगमाखालीं, व तिसरा खुद्द प्राणहितेवर, आजच्या गडचिरोली जिल्ह्यांत देवलमरीजवळ आहे. प्रत्येक अडसराशीं बंधारा, बाजूनें कालवा व त्यावर लॉक बांधून नावा वर चढवावयाच्या, असा बेत होता. १८६० सालीं निजामाशीं तह होऊन गोदावरीच्या डाव्या तीरावरील कांहीं तालुके इंग्रजांकडे आले, नदीवरील जकात उठली, आणि सिरोंचा येथें जिल्ह्याचें ठाणें झालें. पूर्वीं लेफ्टनंट असलेले हेगसाहेब या कामावर मुख्य होते. दुम्मगुडेम्‌चा बंधारा व लॉक उभे राहिले. परंतु तो प्रदेश जंगली व तापाचा. मजूर मिळेनात, मिळाले ते आजारी पडत. दरम्यान मुंबईहून निघालेली आगगाडी १८६७ सालीं नागपुरास पोंचली, आणि वऱ्हाडचा कापूस पश्चिमेकडे जाऊं लागला. १८७१ सालीं सरकारनें वरच्या गोदावरीचें काम बंद केलें. मराठी मुलखांतून समुद्रापर्यंत पाण्याच्या पायऱ्यांनीं उतरण्याचा तो मार्ग अर्धाच राहिला.

येथें कॉटनसाहेबांचा कस लागला. ते १८६० सालीं चाकरींतून निवृत्त झाले होते, व १८६१ सालीं त्यांना सर हा किताब मिळाला होता. सुखानें बसण्यास कांहींच हरकत नव्हती. परंतु हिंदुस्थान सरकार रेलवेवर कोट्यवधि रुपये खर्च करतें आणि कालव्यांकडे दुर्लक्ष करतें, ही गोष्ट त्यांना सहन होईना. रेलवे धान्य वाहून नेते, पण धान्य पिकवीत नाहीं. कालवा दोन्ही कामें करतो, असा त्यांचा मुद्दा होता. हिंदुस्थानांतील मोठ्या नद्या कालव्यांनीं एकमेकींस जोडाव्या असेंही त्यांनीं मांडलें. १८७८ सालीं पार्लमेंटच्या समितीपुढें, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षीं, त्यांनीं हीच साक्ष दिली. समितीचें मत त्यांच्या बाजूनें पडलें नाहीं.

चरित्र लिहितांना केवळ स्तुति करणें योग्य नव्हे. सर आर्थर यांचे सर्वच अंदाज बरोबर ठरले नाहींत. त्यांच्या प्रेरणेनें एका खासगी कंपनीनें तुंगभद्रेवर कर्नूलपासून कडप्याकडे कालवा काढला; पण तेथील जमीन बहुतांशीं काळी, ओल धरून ठेवणारी. पाऊस बरा झाला त्या वर्षीं शेतकरी पाणी घेईना, कारण ज्वारीस व कापसास तें नको होतें. कंपनी तोट्यांत गेली, आणि १८८२ सालीं सरकारनें तो कालवा विकत घेतला. गोदावरीच्या मुखाशीं जें साधलें तें प्रत्येक नदीवर साधेल, असें त्यांनीं धरलें होतें. जमीन बदलली कीं युक्तिही बदलावी लागते, हा धडा काळ्या जमिनीवर राहणाऱ्या आम्हां लोकांस तर विशेष ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. नावांच्या बाबतींतही पुढें रेलवेनें व मोटारींनीं जय मिळविला. कालव्यांवरील वाहतूक ओसरत गेली, व कित्येक लॉकचीं दारें मिटलीं तीं मिटलींच. २००८ सालीं काकिनाडा ते पुदुच्चेरी या कालव्यांस व गोदावरी-कृष्णेच्या कांहीं भागांस राष्ट्रीय जलमार्ग म्हणून जाहीर करण्यांत आलें, तेव्हां त्यांची आठवण पुन्हां जागी झाली.

सर आर्थर यांचा उत्तरकाळ इंग्लंडमध्यें डॉर्किंग येथें गेला. तेथेंही त्यांचे हात रिकामे नव्हते. जमीन खोल खणून थोड्या जागेंत गहूं अधिक कसा पिकेल याचे प्रयोग ते आपल्या बागेंत करीत. २४ जुलै १८९९ रोजीं, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. पुढील वर्षीं त्यांची कन्या लेडी होप यांनीं त्यांचें विस्तृत चरित्र प्रसिद्ध केलें.

त्यांचा जुना बंधारा सव्वाशें वर्षें टिकला. आतां त्याच्या जागीं लोखंडी दारांचें नवें धरण आहे. १९८२ सालीं पुऱ्या झालेल्या त्या धरणास सर आर्थर कॉटन यांचेंच नांव दिलें आहे, व त्याखालीं सुमारें दहा लक्ष एकर जमीन भिजते. गांवोगांवीं त्यांचे पुतळे आहेत. गोदावरीच्या पुष्करपर्वांत कित्येक शेतकरी आपल्या पितरांबरोबर त्यांच्या नांवानेंही तर्पण करतात. परक्या देशांतून व परक्या राज्यसत्तेचा चाकर म्हणून आलेल्या माणसास लोकांनीं आपल्या पितरांच्या पंक्तीस बसवावें, हा मान किताबांनीं मिळत नाहीं.

विद्यार्थीमित्रहो, हें चरित्र केवळ दूरच्या आंध्र देशाचें आहे असें समजूं नका. १९७२ चा दुष्काळ तुमच्या आजोबा-आजींनीं सोसला आहे; खडी फोडून, कण्या खाऊन ज्यांनीं दिवस काढले त्यांना विचारून पाहा. त्यानंतर १९७६ सालीं पैठण येथें जायकवाडी धरणाचें उद्घाटन झालें, आणि त्याच्या डाव्या कालव्याचें पाणी आमच्या परभणी जिल्ह्यांत आलें. त्या कालव्यावर नावा चालत नाहींत व लॉकही नाहीं. परंतु वर अडविलेलें पाणी उतारानें शेतापर्यंत न्यावयाचें, हें तत्त्व तेंच. आणि तेंच पाणी वर किती अडवावें व खालीं किती सोडावें, याविषयीं वरच्या व खालच्या गांवांचे वाद आजही मिटलेले नाहींत.

लॉकच्या कुंडांत घाई चालत नाहीं. एक दार नीट लागल्यावांचून दुसरें उघडलें तर नावही जाते व कालव्याचें पाणीही जातें. कॉटनसाहेबांच्या आयुष्यांत हाच गुण आम्हांस मुख्य दिसतो. त्यांनीं आधीं कावेरीच्या जुन्या बंधाऱ्यापाशीं विद्यार्थी होऊन पाहिलें, मग लहान काम केलें, मग गोदावरीवर मोठें काम हातीं घेतलें. आणि जेथें त्यांनीं जमिनीचें ऐकलें नाहीं, तेथें त्यांना अपयश आलें. आमच्या मुलांपैकीं कोणी पुढें इंजिनियर होतील, कोणी शेतकरी, कोणी शिक्षक होतील. आपल्या गांवच्या जुन्या बारवा, तळीं व बंधारे यांना अडाण्यांचें काम न समजतां, तीं कोणी, कशीं व कां बांधलीं हें त्यांनीं विचारावें, आणि तें समजल्यावर पुढची पायरी बांधावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.